न्हाणीकडे दोन गाठी

१

चतुर्थीला दहा-बारा दिवस उरले की तारकर्लीतल्या बायका केरसुणी बांबूला बांधतात आणि घरातल्या कोळ्यांचा वर्षभराचा संसार दोन दिवसांत मोडून टाकतात. सुगंधाही दरवर्षी तेच करायची. पंख्यामागचे, वाशांवरचे, देवाच्या कोनाड्यातले असे सगळे कोळी तिच्या ओळखीचे होते. पण तिची माया होती ती भिंतीवरच्या बारक्या कोळ्यांवर. तांदळाच्या कणीएवढा जीव, रंग धुळीचा, आणि जाळं म्हणजे भिंतीला चिकटलेला एक पांढरा ठिपका. तिच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांना वाटायचं, चुना उडाला असेल.

ती सहा-सात वर्षांची असताना दाजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, पडवीच्या भिंतीशी उकिडवं बसून तिला हा कोळी मुंगी कशी धरतो ते दाखवलं होतं. तो मुंगीला थेट चावायला जातच नाही. तिच्याभोवती गरगर फिरत सुटतो, आणि फिरता फिरता तिला सुतात गुंडाळून टाकतो.

"बघ गो, रापण लावता तो," दाजी म्हणाले होते. "आमका पन्नास माणसा लागतत, ह्यो एकटोच."

दाजी रापणकर. पहाटे किनाऱ्यावर जाऊन वाडीतल्या पन्नास जणांबरोबर ते लांबलचक जाळं ओढायचे आणि दुपारी घरी यायचे ते अंगावर मीठ वाळवूनच. त्या वासासकट ती दुपार सुगंधाच्या मनात जशीच्या तशी राहिली होती. आता ती सेहेचाळीस वर्षांची झाली होती. लग्न करायला आपल्याला सवडच झाली नाही, असं ती विचारणाऱ्याला तोंडावर सांगे आणि विषय मिटवी. घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या बांधून तिने पर्यटकांची सोय केली होती, आणि तिच्या हातचं बांगड्याचं तिखलं खायला माणसं पुण्याहून येत होती.

तर त्या दिवशी सकाळी ती केरसुणी घेऊन पडवीच्या लांब भिंतीपाशी आली. ठिपके दिसले. दाजींच्या खोलीच्या दाराशी तीन, एकाखाली एक. मध्ये भिंत कोरी. न्हाणीच्या दाराशी दोन. पुन्हा कोरी भिंत. आणि अगदी टोकाला, जिथून पायऱ्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उतरतात, तिथे एक.

सुगंधाच्या हातातली केरसुणी तशीच राहिली. ती पायरीवर बसली.

२

दाजींची दृष्टी गेली ती साठी उलटल्यावर, काचबिंदूने. डोळे गेले म्हणून हा माणूस खाटेवर पडून राहणाऱ्यातला नव्हता. जन्मभर दोर हाताळलेले. त्यांनी पोराकडून नाही की सुतारांकडून नाही, स्वतःच्या हाताने पडवीच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला खिळे मारून घेतले, एकोणीस खिळे, हातभर अंतरावर, आणि त्यांवरून रापणीचा जुना दोर ताणला. दोराला गाठी मारल्या. खोलीकडे एक, न्हाणीकडे दोन, पायऱ्यांकडे तीन. झाला त्यांचा रस्ता.

रोज दहाच्या सुमाराला आंघोळ करून ते न्हाणीतून बाहेर पडत आणि दोरावर तळवा सरकवत पायऱ्यांकडे जात, खळ्यातल्या बाकावर उन्हाला बसायला. भिंतीवरून तो हात सर्र करत येई. मग घरातल्याने, पाहुण्याने, दारावर आलेल्या कोणीही भिंत सोडायची. भिंतीला टेकून बसलेला पुढे सरे, पाय पसरलेला पाय आखडून घेई. कोणी शिकवलं नव्हतं, पण बारा वर्षांत सगळ्या वाडीच्या अंगात ते मुरलं होतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी सुगंधाने पडवीला रंग दिला. पाहुणे येणार, भिंतीवर दोराचा तेलकट पट्टा दिसतो, म्हणून. दोन दिवसांसाठी दोर सोडवला. रंग वाळला तशी घाईघाईत पुन्हा चढवला, कारण सहा माणसांचं जेवण चुलीवर होतं. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी संध्याकाळी दिवा लावताना तिचा हात सहज दोरावर पडला आणि तिच्या लक्षात आलं, की दोर उलटा चढवलाय. खोलीकडे तीन, पायऱ्यांकडे एक. न्हाणी बरोबर मध्यावर, म्हणून तिथल्या दोन जागच्या जागी होत्या, आणि म्हणूनच आठ दिवस तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

ती हबकली. आठ दिवस आंधळा माणूस उलट्या दोरावर चालतोय. दाजी जेवत होते तेवढ्यात तिने गुपचूप दोर काढला, सुलटा करून लावला, आणि कोणाला काही बोलली नाही. बोलायची लाज वाटली, हेच खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता दाजी पायऱ्यांवरून खाली कोसळले. डोकं चिऱ्यावर आपटलं. ती धावत गेली तेव्हा ओला टॉवेल नेहमीसारखा त्यांच्या खांद्यावर नव्हता, पुढे केलेल्या हातात होता. तिसऱ्या दिवशी मालवणच्या दवाखान्यात ते गेले, शुद्धीवर न येताच.

पडले, त्या वेळी दोर सुलटा होता. हे सुगंधाने स्वतःला दहा महिने रोज सांगितलं होतं. पण आठ दिवसांच्या उलट्या दोराने म्हाताऱ्याचा अंदाज बिघडवला असणार, हेही ती तितक्याच वेळा म्हणाली होती. बाराव्यानंतर तिने दोर समुद्रात सोडला, खिळे उपटले, भोकांत पुट्टीची लांबी भरली आणि वर रंगाचा हात फिरवला. आपल्या हातून दाजी गेले का, हा एकच प्रश्न त्या गुळगुळीत भिंतीआड राहिला.

३

डोकं ठिकाणावर असलेलं माणूस काय करील, तेच तिने केलं. कारण शोधलं. खिळ्यांची भोकं, पावसाने लांबी फुगली असेल, फटीत कोळ्याने घर केलं. झालं. पण खिळे एकोणीस होते आणि भिंतीवर ठिपके सहा. लांबी भरलेल्या जागा बोटाने चाचपत ती टोकापर्यंत गेली. सगळ्या सारख्याच टणक होत्या.

तिने ठिपके पुसून काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ते जागच्या जागी होते. तीन, दोन, एक. तिने फवारा मारला, ओल्या फडक्याने भिंत धुतली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जाळ्यांच्या कडेला ते बारके जीव आपले निवांत बसलेले, एक तर मुंगीभोवती फेऱ्या मारत होता, आणि ते बघून तिला एरवीसारखं हसू आलं नाही.

तिला भीती ठिपक्यांची वाटत नव्हती, क्रमाची वाटत होती. बारा वर्षं या भिंतीवर होतं ते एक, दोन, तीन. सगळ्या वाडीला तेच ठाऊक. उलटा क्रम या भिंतीवर फक्त आठ दिवस होता आणि तो जगात एकाच माणसाला माहीत होता. जे तिने नितेशला, आपल्या सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं, ते भिंतीवर रोज सकाळी मांडलेलं असायचं.

चौथ्या दिवशी तिने पुसलं नाही, नुसतं बघत राहायचं ठरवलं. नऊपर्यंत ठिपके टवटवीत होते. मग गॅसवर डाळ होती म्हणून ती आत गेली. साडेदहाला येऊन बघते, तर न्हाणीकडचे दोन्ही आणि पायऱ्यांकडचा एक, असे तीन ठिपके चपटे झालेले, पायऱ्यांच्या दिशेने फरफटलेले. तिने बोट लावलं. भिंत ओली होती. खोलीकडचे तीन मात्र तसेच्या तसे कोरडे होते.

पावसाळ्यात भिंती ओल धरतात, असं ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला पडवीत कोणी नव्हतं.

४

पाचव्या दिवशी शेजारची तुळसाकाकी आली. सत्तरीची बाई, हातात झावळांचा भारा. चतुर्थीला लागणाऱ्या केरसुण्यांसाठी हीर काढायला तिला सोबत लागे. ती पडवीत भिंतीला पाठ लावून, पाय लांब सोडून बसली, आणि पात्यांतून कोयत्याने हीर सोलता सोलता बोलू लागली. सुगंधा भिंतीला टेकून उभीच होती.

"च्याय नको गो, आत्ताच घेवन इलंय," काकी म्हणाली. "नितेश कधी येता?"

"परवा. सकाळच्या गाडयेन."

"येवंदे. घरात दाजींच्या सुतकाचा वरस आसा, तरी गणपती काय चुकवचो नाय. दाजी आसते तर आतापर्यंत गणपतीवरची फळाफुलांची माटवी बांधून मोकळे झाले असते. डोळे नसताना माटवी बांधी तो माणूस. मगे आमच्या झिलाक दोनदा सांगूचा लागता..."

बोलता बोलता काकीने पाठ भिंतीपासून सोडवली, पुढे सरली आणि पाय आखडून घेतले. हातातला हीर सोलणं चालूच होतं, झिलाची, म्हणजे मुलाची, तक्रारही चालूच होती. सुगंधाने बघितलं, ती स्वतःही भिंतीपासून दोन पावलं पुढे येऊन उभी होती. कधी आली ते तिला कळलं नव्हतं.

काकीचा कोयता थांबला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. पाठीमागून, रंगाच्या भिंतीवरून कोरडं-ओलं काहीतरी सरकत गेल्यासारखा आवाज पायऱ्यांकडे गेला आणि संपला. माडाची झावळ कौलांवर घासली तरी असाच आवाज येतो. वारा मात्र अजिबात नव्हता.

"सवय गो मेली," काकी हसली. "आता कोण येतला?"

पण तिने पुन्हा भिंतीला पाठ लावली नाही. थोड्या वेळाने, चुलीवर काहीतरी ठेवलंय असं सांगून अर्धा भारा तिथेच टाकून ती उठली. जाताना पायऱ्या उतरली ती कडेकडेने, मधली वाट मोकळी ठेवून.

सुगंधा तिथेच बसून रडली. गंमत अशी की भीतीने नाही. दहा महिन्यांनी घरात तो आवाज ऐकून तिला बरं वाटलं होतं, आणि बरं वाटलं म्हणून तिला स्वतःचीच भीती वाटली.

५

नितेश मुंबईहून आला तो बॅग टाकून लगेच कामाला लागला. भांडुपला कंपनीत दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला गावी आलं की अंगात येतं, तसं त्याचं होतं. लहानपणापासून त्याला बहिणीला 'ताय' म्हणायची आणि तिचं काम काढून घ्यायची खोड होती. चहा पिऊन त्याने बांबूला बांधलेली केरसुणी उचलली आणि पायऱ्यांकडच्या टोकापासून पडवी झाडायला सुरुवात केली. सुगंधा आतून नारळ किसून बाहेर आली तेव्हा पायऱ्यांकडचा एक ठिपका त्याने केव्हाच काढून टाकला होता.

"नितेश, ती भिंत ऱ्हवांदे," ती म्हणाली.

"कित्याक? जळमटा आसत नुसती." तो न्हाणीच्या अलीकडे थांबला आणि भिंतीकडे बघत राहिला. "खिळे काढलंस ताय तू? मी दोर बघूक इल्लंय. दाजींचो दोर खंय आसा?"

"दर्यात सोडलंय."

"बरा केलंस." त्याने बांबू टेकवला आणि त्याला हसू आलं, जुन्या आठवणीने येतं तसं. "तो उलटो दोर. शेवटपर्यंत तुका कळला नाय ना?"

सुगंधा किसाची ताटली घेऊन दोन पावलं पुढे आली.

"कसलो उलटो?"

"दिवाळयेच्या आधी मी फोन केलंय तेव्हा दाजी सांगत होते. 'सुगंधान रंग काढल्यान आणि दोर उलटो चढवल्यान. हात लावल्यार लगेच कळला माका. पण तिका बोलू नको. बिचारी आधीच कामान मरता, उगाच जीवाक लावन घेतली. एका दिसात माझी सवय झाली. आता तीन गाठी लागल्यो काय आपली खोली, एक लागली काय पायरे.' हसत होते ते. म्हणाले, आयुष्यभर जाळा उलटीसुलटी केलंव, ह्या काय मोठा."

नितेश पुढेही काही बोलत होता, गणपतीवरच्या माटवीबद्दल, उद्या बाजारात जायचं त्याबद्दल. सुगंधाला ते ऐकू येत होतं, पण त्यातला शब्द लागत नव्हता. तिच्या डोळ्यांसमोर एकच सकाळ होती. दाजी न्हाणीतून निघालेत. दोन गाठी सोडून हात पुढे सरकतोय. आता एक लागणार, म्हणजे पायऱ्या. पण लागल्या तीन. म्हणजे आपण न्हाणीतून निघताना वळायला चुकलो, ही आपली खोली आली, असं त्यांना वाटलं. दाराजवळच्या खुंटीला टॉवेल लावायचा म्हणून त्यांनी तो खांद्यावरून काढला, हात पुढे केला, आणि उंबरठा ओलांडल्यासारखं बेधडक पाऊल टाकलं.

चुकीने ते पडले नव्हते. चुकीवर ते आठ दिवस नीट चालले होते. तिने चूक सुधारली, आणि सांगितलं नाही.

तिने ताटली खाली ठेवली. नितेशला हे सांगायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात न्हाणीची आतली कडी वाजली.

६

न्हाणीत कोणी नव्हतं. दार उघडलंही नाही. दहा वाजत आले होते आणि खळ्यात पावसानंतरचं स्वच्छ ऊन पडलं होतं.

न्हाणीकडच्या दोन ठिपक्यांतून ते बारके कोळी बाहेर आले आणि बाजूला सरले, एक वर, एक खाली. कोणी यायच्या आधी वाट सोडावी तसे. मग वरचा ठिपका चपटा झाला. मग खालचा. त्यांच्यापुढे भिंतीवर ओल उमटली, तळव्याएवढी. ती पुढे सरकत होती आणि मागे वाळत येत होती. चंदनाच्या साबणाचा वास आला. भिंतीवरून हात सर्र करत येत होता, सावकाश, सवयीचा.

"ताय, काय झाला?" नितेश विचारत होता. त्याला भिंत दिसत नव्हती, तिची पाठ दिसत होती. तरी तो भिंतीपासून पुढे सरकून उभा राहिला होता.

सुगंधाने पायऱ्यांकडे बघितलं. तिथली भिंत कोरी होती. जो एक लागायला हवा तो नितेशने केरसुणीने काढून टाकला होता, आणि हात निम्म्या वाटेवर आला होता. एक लागला नाही तर तो येतच राहणार, सरळ पुढे, पायऱ्यांवरून, पुन्हा. पुन्हा एकदा कोणीतरी न सांगता भिंत नीट केली होती.

ती धावली. पायऱ्यांच्या तोंडाशी, जिथे तो ठिपका असायचा तिथे, खांद्याच्या उंचीला तिने उजव्या हाताचं एक बोट भिंतीवर ठेवलं. एकच. बाकीची बोटं मुठीत घट्ट मिटली, चुकून दुसरं लागू नये म्हणून.

"ताय?"

"गप ऱ्हव," ती म्हणाली. "बोलू नको. हलू नको."

ओल तिच्या हातापर्यंत आली आणि थांबली. मग बोटावर काहीतरी टेकलं. थंड, ओलं, आणि घट्ट्यांनी खरबरीत. त्याने बोट चाचपलं, नखापासून पेरापर्यंत, गाठ पारखावी तसं. बाजूला दुसरी आहे का ते बघितलं. पुन्हा त्याच एका बोटावर आलं आणि जरा जास्तच वेळ तिथे राहिलं. सुगंधाने डोळे मिटले होते. आपल्याला ओळखलं की नाही, हे तिला कळलं नाही, आणि विचारायची तिची हिंमत झाली नाही.

मग वजन बोटावरून उचललं गेलं. पहिल्या पायरीवर ओलं पाऊल पडल्याचा आवाज आला, सावध, आधी टाच मग चवडा. पायऱ्या चार होत्या. सुगंधाने चारही मोजल्या आणि मग भिंतीवरचं बोट काढलं.